सध्या काय वाचता?



वसंत ऋतूत गावाने एकत्र बसून व्याख्याने ऐकावीत ही चाल न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात पाडली आणि पुढे ती गावोगाव गेली. या व्यासपीठावर बहुधा विद्वान मंडळी येतात. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. उरलेले गेटसभांत, कोर्टाच्या ओसरीवर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा साहित्याचे तत्त्वज्ञान आमच्याकडून कोणी अपेक्षू नये. आमचा विषय अगदी साधा आहे. माणूस एखादी कथा-कादंबरी वाचत असताना तिच्याविषयी चारचौघांत काय बोलतो, कसे बोलतो, आणि मुळात बोलतो की नाही, एवढाच.

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात दोन माणसे भेटली की विचारपूस कशाची होते? नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला काय भाव निघाला, धरणात पाणी किती उरले, कोणाच्या उसात बिबट्या दिसला, मुंबईचा मुलगा यात्रेला येणार की नाही. हे सगळे प्रश्न पोटाचे आणि जिवाचे आहेत. ते विचारलेच पाहिजेत. पण ‘सध्या काय वाचता?’ असा प्रश्न एस. टी.च्या थांब्यावर कोणी कोणाला विचारलेला आम्ही फारसा ऐकला नाही. याचा अर्थ आपल्याकडे वाचतच नाहीत असा नव्हे. संध्याकाळी वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी उभे राहून पाहावे. शिक्षक येतात, निवृत्त पोस्टमन येतात, भाजीचा गाळा बंद करून आलेला व्यापारी येतो, शिवणकाम करणाऱ्या बाई येतात. पुस्तक पिशवीत पडते, वर कोथिंबिरीची जुडी बसते आणि मंडळी घरी जातात. पुस्तकाने काय केले ते त्या पिशवीतच राहते.

आता कोणी म्हणेल, आपल्या लोकांना मत सांगण्याची सवयच नाही. आम्हाला हे मान्य नाही. नारायणगाव हे तमाशाचे पंढरपूर. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव इथल्या मातीला लागलेले आहे. पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. त्यांची चौकशी ऐकण्यासारखी असते. यंदा वग कोणता बसवला आहे? सोंगाड्या गेल्या वर्षीचाच का? मागच्या यात्रेला त्या फडाचा वग मधेच रेंगाळला होता, तसे तर नाही? वग म्हणजे तरी काय? रचलेली कथाच. त्या कथेविषयी आपला शेतकरी निर्धास्त बोलतो, कारण वर्गणी त्याची आहे आणि रात्र त्याची जाणार आहे. आपल्याला काही कळते की नाही अशी शंका त्याच्या मनाला शिवत नाही.

पोथीचेही तसेच. श्रावणात पांडवप्रताप किंवा हरिविजय लागतो तेव्हा एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि ऐकणारे मधेच बोलतात. कर्णावर अन्याय झाला की नाही यावर आपल्या आयाबाया ओवी थांबवून वाद घालतात. पोथी अजून संपलेली नसते, अध्याय चालूच असतो. पण मत द्यायला त्या समाप्तीपर्यंत थांबत नाहीत.

आपल्या तालुक्यात आळे येथे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. त्या रेड्याची बरोबरी आपल्याला करता येणार नाही. पण एक गोष्ट त्याच्याबद्दल कोणत्याही कथेत सांगितलेली नाही, ती म्हणजे वेद म्हणून झाल्यावर त्याने त्यावर अभिप्राय दिला. ते काम माणसाचे आहे आणि ते माणसानेच केले पाहिजे.

मग वगावर बोलणारा, कर्णाची बाजू घेणारा हाच माणूस छापील कादंबरी हातात आली की मुका का होतो? आमच्या मते याचे कारण भीड हे आहे. कादंबरीवर बोलणे हे प्राध्यापकांचे काम, वर्तमानपत्रात परीक्षण लिहिणाऱ्यांचे काम, असे त्याने ठरवून टाकले आहे. ‘आपल्याला त्यातले काय कळते?’ हे वाक्य आम्ही कामगारांच्या तोंडून जितक्यांदा ऐकले तितके दुसरे कोणतेच ऐकले नाही. पगाराच्या करारावर बोलायला उभा केला तरी पहिल्यांदा तो हेच म्हणतो. आणि ज्या दिवशी ते वाक्य त्याच्या तोंडून जाते, त्या दिवसापासून तो संघटनेचा सभासद होतो. पावती त्याआधी किती फाडल्या याला महत्त्व नाही.

हा प्रश्न जुना आहे. ग्रंथकारांना एकत्र आणण्याची खटपट रानड्यांनी केली. १८८५ सालच्या अशा सभेचे निमंत्रण महात्मा फुल्यांना गेले तेव्हा त्यांनी ते नाकारले. शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखाशी ज्यांच्या लिहिण्याचा संबंध नाही त्यांच्या मेळ्यात आम्ही कशाला बसावे, असा त्यांचा रोख होता. या घटनेचा अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावला आहे. आम्हाला त्यात एक वाचक दिसतो. जे लिहिले जात आहे ते वाचून, त्यात आपली माणसे कुठे आहेत असे ज्याने रोखठोक विचारले, असा वाचक. फुल्यांच्या सत्यशोधकांचे काम आपल्या ओतूर-जुन्नर भागात चांगले रुजले होते. म्हणजे ‘आम्हाला काय कळते’ हे वाक्य निदान आपल्या भागाला तरी वारशाने आलेले नाही.

योगायोग असा की, १८९० या एकाच सालात तीन गोष्टी घडल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढून त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी हप्त्याहप्त्याने द्यायला सुरुवात केली. आणि त्याच साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत जेवणाचे डबे पोचवण्याचे काम सुरू केले असे डबेवाले सांगतात. हे डबेवाले म्हणजे आपल्याच मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतली माणसे. सुट्टी, कादंबरी आणि डबा. सुट्टीने वाचायला वेळ दिला, कादंबरीने वाचायला कथा दिली; डब्याचा संबंध काय तो शेवटी सांगू.

हप्त्याने येणाऱ्या कादंबरीचा एक गुण ध्यानात घेण्यासारखा आहे. तिचा शेवट वाचकांपैकी कोणालाच ठाऊक नसतो. पुण्यातला वकील असो की तालुक्याच्या गावचा कारकून असो, यमूच्या नशिबी पुढे काय आहे याची काळजी दोघांना सारखीच. पुस्तक बांधून, वाखाणून, अभ्यासक्रमाला लावून झाले की त्यावर अधिकारी माणसांची मते आधी येऊन बसतात. पुस्तक चालू असताना मात्र सगळे वाचक एका ओळीत उभे असतात. म्हणून आमचे म्हणणे असे की, वाचून संपलेल्या पुस्तकापेक्षा सध्या हातात असलेल्या पुस्तकाविषयी बोलावे. तिथे भीड कमी पडते.

परदेशातला एक दाखला देतो, कारण तो कामगारांचा आहे. क्यूबा देशात हवाना शहरी सिगार वळण्याचे कारखाने होते. हात चालू आणि कान मोकळे, असे ते काम. १८६५ साली तिथल्या एका कारखान्यात कामाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. वाचणाऱ्याचा मेहनताना कामगार आपल्या मजुरीतून देत. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी; आणि पुढे ही प्रथा रुळली तशी कोणती कादंबरी लावायची ते कामगार मत देऊन ठरवू लागले. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सरकारने या वाचनावर बंदी घातली. पुढे ही प्रथा अमेरिकेतल्या टँपा शहरी गेली आणि तिथे १९३१ साली मालकांनी ती बंद पाडली. सरकार आणि मालक दोघांनाही कादंबरीची एवढी धास्ती का वाटावी? पन्नास-शंभर माणसे एकच कथा ऐकतात, दुपारच्या सुट्टीत तिच्यावर भांडतात, आणि भांडता भांडता एकमेकांची मने ओळखतात, हे त्याचे कारण. द्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीवर ते कामगार इतके लुब्ध होते की पुढे एका नामांकित सिगारला तेच नाव मिळाले.

इतक्या दूर जायलाही नको. केरळात कण्णूरच्या विडी कामगारांत अशीच रीत होती. एकजण वाचायचा आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. १९६९ साली तिथे कामगारांची ‘दिनेश बिडी’ ही सहकारी संस्था उभी राहिली, तिच्या कामाच्या जागीही वाचन चालत असे. वाचणाऱ्याची मजुरी बुडू द्यायची नाही, हा त्यातला मुद्दा आम्हाला मोलाचा वाटतो. वाचन फुकट होत नाही. कोणीतरी त्याच्या वाटणीचे काम करावे लागते. घरातली बाई पुस्तक घेऊन बसावी असे वाटत असेल, तर तेवढा वेळ चुलीकडे दुसऱ्या कोणी पाहिले पाहिजे. सभेतल्या पुरुषमंडळींनी हे वाक्य घरी घेऊन जावे.

आता आंबेगावकडे येतो. हा तालुका असा आहे की ज्या गावाचे नाव त्याला मिळाले ते गावच पाण्याखाली गेले. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावला चालतो, नाव मात्र बुडालेल्या गावाचे. धरणाने उठलेल्या काही कुटुंबांत आमची ऊठबस आहे. तिथे काही मंडळींनी विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ रात्री एकत्र बसून वाचायला घेतली. ही कादंबरी १९९१ सालची, १९९२ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, विषय धरणग्रस्तांचाच. एकजण वाचायचा, सात-आठजण ऐकायचे, आणि दिवे मालवण्यापूर्वी ज्याला जे वाटले ते त्याने बोलायचे, असा नेम ठेवला होता.

तिसऱ्या-चौथ्या रात्री एक तरुण चिडला. तो म्हणाला, ‘हे वाचून जमीन मिळणार आहे का? आपले दुःख आपल्याला ठाऊक आहे. ते पुन्हा छापलेले कशाला वाचायचे?’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. ज्याच्या हातात सात-बारा नाही त्याला कादंबरी कशाला, हे आम्ही सोप्या शब्दांत सांगू शकलो नसतो. उत्तर एका म्हाताऱ्या बाईने दिले. ती म्हणाली, ‘आजवर वाटायचे, आपणच कुठेतरी कमी पडलो, म्हणून असे झाले. हे ऐकून कळले की दुसऱ्या धरणावरही असेच झाले. मग कमी आपण नव्हतो.’ थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, ‘पण एक राहिले. इथवर ऐकले त्यात माणसे कचेरीचे उंबरे झिजवतात ते सगळे खरे आहे. विहिरीचे पैसे, झाडाचे पैसे, भिंतीचे पैसे. उंबऱ्यावर बसून शेजारणीशी दोन शब्द बोलायची जी जागा होती, ती कोणत्या पंचनाम्यात लिहिली?’

ही बाई शाळेत गेलेली नाही. पण परीक्षण म्हणून याहून नेमके बोलणे आम्ही क्वचित ऐकले आहे. पुस्तकाने काय दिले ते तिने सांगितले, काय आपल्याला त्यात सापडले नाही तेही सांगितले, आणि ‘इथवर ऐकले त्यात’ असे म्हणून आपल्या मताची हद्दही आखून घेतली. तो तरुण काही पटून गेला असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या रात्री तो आला नाही. तिसऱ्या रात्री आला आणि दाराशी उभा राहून विचारता झाला, ‘कुठवर आले?’ जमिनीचा प्रश्न त्याने सोडला नाही आणि सोडूही नये. पण त्या प्रश्नासाठी जी माणसे एकत्र लागतात ती त्या वाचनाने थोडी अधिक जवळ आली, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

चळवळीतले आमचे काही मित्र म्हणतात, कामगाराने अर्थशास्त्र वाचावे, कायदा वाचावा. कथा-कादंबऱ्या म्हणजे रिकाम्यांचे उद्योग. कायदा वाचावाच. कायद्याने मालक काय करू शकतो ते कळते. पण बाजूच्या यंत्रावरचा माणूस संपाच्या आठव्या दिवशी का कच खातो, त्याच्या घरी कोण आजारी आहे, कोणाच्या शब्दाला तो भितो, हे कोणत्या कलमात लिहिलेले असते? मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही गिरणी कामगारांवरची कादंबरी १९३३ सालची. तिच्यातल्या काही गोष्टी आज भाबड्या वाटतील. तरी, ज्यांच्यावर कोणी लिहीत नव्हते त्यांना कथेत आणण्याचे काम तिने केले.

आता बोलावे कसे, याविषयी आम्ही अनुभवाने चार नेम ठरवले आहेत, ते मांडतो.

पहिला नेम असा की, आपण कुठवर आलो ते आधी सांगावे. ‘शंभर पानांपर्यंत आलो आहे आणि अजून पकड घेत नाही’ हे प्रामाणिक मत आहे. ‘पुस्तक भिकार आहे’ हे शंभर पानांवर दिलेले मत म्हणजे साक्षीपुरावा न घेता दिलेला निकाल.

दुसरा नेम, आवडले किंवा नावडले याचे कारण पुस्तकातूनच दाखवावे. लेखक अमुक जातीचा, तमुक पक्षाचा, म्हणून पुस्तक चांगले किंवा वाईट, ही पळवाट आहे. आपल्याकडे शिवनेरी उशाशी असल्यामुळे शिवाजी महाराजांवरच्या कादंबऱ्यांवर वाद फार पेटतात. तिथे तर हे विशेष सांभाळले पाहिजे. कादंबरी म्हणून एखादा प्रसंग साधला की नाही हा एक प्रश्न, आणि तसे घडल्याला कागदपत्रांचा आधार आहे की नाही हा दुसरा. दोन्ही विचारावेत, पण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये.

तिसरा नेम, शिफारस माणूस पाहून करावी. वैद्य सगळ्यांना एकच काढा देत नाही. दिवसभर उभे राहून आलेल्या, फार वाचनाची सवय नसलेल्या मुलाला आम्ही बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा देतो. त्यांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली आणि हजारो माणसांना वाचायचे वेड लावले. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही; पायरी चढल्याशिवाय माडी येत नाही. नव्याने गावात आलेल्या शिक्षकाला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ द्यावी. १९५५ सालची ही लहानशी कादंबरी. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत जातो आणि वाडीच त्याला शिकवते. शिकूनसवरून नोकरी नाही, शेतीत भागत नाही, अशा कुचंबणेत असलेल्या मुलाला सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ द्यावी. पण ती एकट्याला देऊ नये, सोबत कोणीतरी वाचावी. ते दुःख एकट्याने पेलण्यासारखे नाही.

चौथा नेम, शेवट सांगू नये. आम्ही सध्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ पुन्हा वाचतो आहोत. ती १९५९ साली आली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या, मुंबईत गिरणीत राबलेल्या माणसाने ती लिहिली, एवढे एकच कारण ती उघडायला पुरे आहे. पण वाचत राहायला ते पुरत नाही. तिथे कथाच लागते. आम्ही निम्म्यावर आहोत. या खेपेला आम्हाला असे जाणवते की, पहिल्या वाचनात पराक्रमाच्या प्रसंगांनी डोळे दिपतात आणि भुकेची पाने नजरेतून निसटतात. वास्तविक साऱ्या पराक्रमाचे मूळ त्या भुकेच्या पानांत आहे. काही ठिकाणी माणसे फार सरळ रेषेत चांगली किंवा वाईट होतात, असेही आमचे मत आहे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी जरूर खोडून काढावे. शेवट मात्र आम्ही सांगणार नाही आणि तुम्हीही कोणाला सांगू नका.

आता डब्याकडे वळतो. आपले डबेवाले डब्याच्या झाकणावर रंगाने आणि अक्षरांनी खुणा करतात. डबा तीन-चार हातांतून जातो आणि नेमक्या माणसाच्या पुढ्यात उघडतो. पुस्तकही तसेच हातोहात गेले पाहिजे आणि त्यावर खूण पाहिजे. आमची सूचना अशी आहे की, वाचनालयातल्या कथा-कादंबऱ्यांच्या शेवटच्या पानाला एक कोरा कागद चिकटवावा. वाचणाऱ्याने त्यावर दोन ओळी लिहाव्यात: कुठवर वाचले, काय वाटले, कोणाला द्यावे. नाव लिहिण्याची सक्ती नको. पुढच्या वाचकाने त्याखाली आपले लिहावे. मत निराळे असेल तर खुशाल तसे लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे सांगणे दुसऱ्याने उतरवून घ्यावे. जुन्नर हे एके काळी कागदाचे गाव होते. इथला हातकागद पेशव्यांच्या दप्तरात जात असे. त्या कागदांवर हिशेब आणि हुकूम लिहिले गेले. गावातल्या साध्या माणसाला एखादी गोष्ट कशी वाटली, हे लिहायला आता एक कागद आपण काढावा, एवढे आपल्याला परवडेल.

आमच्या धंद्यात भाषण संपवताना ठराव मांडण्याची रीत आहे. तसा हा ठराव समजावा: या सभेतल्या प्रत्येकाने येत्या आठवड्यात एका माणसाला ‘सध्या काय वाचता?’ असे विचारावे, आणि त्याने ‘काही नाही’ म्हटले तर आपण काय वाचतो आहोत ते त्याला सांगावे. विरोधी मत असेल तर तेही ऐकू. चहा होईपर्यंत आम्ही इथेच आहोत.